चाक फिरवलं की वय वाढतं

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला मोबाईलची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. काचा बदलून देणारे, कव्हर विकणारे, जुना हँडसेट घेऊन नवा देणारे. नवा फोन घेतला की दुकानातला मुलगाच तो सुरू करून देतो. स्क्रीनगार्ड चिकटवतो, सिम घालतो आणि जीमेलचं खातं काढतो. ‘डेट ऑफ बर्थ क्या डालू, भाऊ?’ असं तो विचारतो तेव्हा समोरच्या बापाचं लक्ष बिलाकडं असतं. ‘टाक काहीही.’ मग अंगठा वर्षांच्या चाकावरून सर्रकन फिरतो आणि जिथं थांबेल तिथं थांबतो. १९९५, १९९८, २००१. फोन जिच्या हाती जाणार आहे ती मुलगी शेजारीच उभी असते. ती सहावीत आहे.

अर्ध्या मिनिटाच्या या कामात एक मोठी गोष्ट ठरून जाते. त्या खात्यावर चालणारं यूट्यूब तिला तिशीकडं झुकलेली बाई समजून वागवू लागतं. पुढं कधीतरी ती मैत्रिणीकडं बघून इन्स्टाची आयडी काढते, तिथंही तेच चाक येतं आणि आता ते कसं फिरवायचं हे तिला ठाऊक असतं. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, व्हॉट्सॲप या सगळ्यांच्या नियमात किमान वय १३ लिहिलेलं आहे. दारावर पाटी आहे, दारात कुणी नाही.

पाटी किती जण ओलांडतात याचा एक अंदाज महाराष्ट्रातल्याच एका संस्थेच्या कामातून मिळतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीनं मुलांच्या मोबाईल वापराची पाहणी केली आणि २०२१ मध्ये तिचा अहवाल आला. ३,४९१ शाळकरी मुलं, शिवाय पालक आणि शिक्षक यांच्याकडून माहिती घेतली होती. दहा वर्षांच्या मुलांपैकी ३७.८ टक्के मुलांचं फेसबुक खातं होतं आणि २४.३ टक्के मुलांचं इन्स्टाग्रामवर. दहा वर्षांचं मूल म्हणजे चौथी-पाचवी. नियमानुसार यातलं एकही खातं असायला नको होतं.

खोटं वय सांगून आत शिरणं ही मुलांची लबाडी आहे एवढंच म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पण त्या खोट्या आकड्याचं पुढं काय होतं ते पाहिलं पाहिजे. मूल मोठं होतं तसं त्याचं खोटं वयही वाढत जातं. दहाव्या वर्षी कुणी स्वतःला अठराचा म्हणवलं, तर तेराव्या वर्षी कंपनीच्या दप्तरी तो एकवीस वर्षांचा तरुण असतो. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेनं २०२२ मध्ये दाखवून दिलं की समाजमाध्यमांवर खातं असलेल्या ८ ते १७ वयोगटातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांच्या खात्यावर १८ किंवा त्याहून जास्त वय नोंदलेलं आहे.

इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरांसाठी वेगळी खाती सुरू केली. ती आपोआप खासगी राहतात, अनोळखी माणसाला सरळ संदेश पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद होतात आणि १६ वर्षांखालच्या मुलाला या सोयी सैल करायच्या तर आईबापांची परवानगी लागते. कल्पना चांगली आहे. पण ज्या मुलीचं जन्मसाल पैठण गेटच्या दुकानात १९९८ पडलं आणि तेच तिनं इथंही लिहिलं, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. जिला या संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, तीच त्याच्या बाहेर राहते.

हा १३ आकडा आला कुठून? बालमानसशास्त्राच्या कुठल्या सिद्धान्तातून तो आलेला नाही. अमेरिकेच्या संसदेनं १९९८ मध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाविषयी ‘कोपा’ नावाचा कायदा केला आणि तो एप्रिल २००० पासून लागू झाला. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर आधी पालकांची पडताळलेली संमती घ्या, असं तो कायदा सांगतो. त्याचे एक शिल्पकार एड मार्की यांना ही मर्यादा १६ हवी होती, वाटाघाटीत ती १३ वर आली. तेव्हा फेसबुक नव्हतं, यूट्यूब नव्हतं. हे पुढं आले आणि त्यांनी हिशेब केला: संमती मिळवा, पडताळा, जपून ठेवा, हा सगळा खर्च करण्यापेक्षा १३ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही असं लिहून टाकावं. माहिती गोळा करण्याविषयीचा एक अमेरिकी आकडा असा जगभरच्या मुलांचं प्रवेशाचं वय होऊन बसला. कन्नड तालुक्यातल्या मुलालाही तोच, कॅलिफोर्नियाच्या मुलालाही तोच.

युरोपनं २०१८ मध्ये लागू झालेल्या आपल्या माहिती संरक्षण कायद्यात १६ हे वय ठरवलं आणि सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणायची मुभा दिली. व्हॉट्सॲपनं त्या वर्षी युरोपात वय १६ केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा १३ वर आणलं.

आकडे असे हलतात हे मराठी माणसाला दहीहंडीनं शिकवलेलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, थरावर चढणारा गोविंदा १८ वर्षांखालचा नको. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती देत १२ वर्षांवरच्यांना वाट मोकळी केली. २०१६ मध्ये पुन्हा १८. मग २०१७ मध्ये १४ वर्षांखालच्यांना चढू देणार नाही या राज्य सरकारच्या हमीवर उच्च न्यायालयानं प्रकरण संपवलं. तीन वर्षांत तीन आकडे. मात्र प्रत्येक वेळी प्रश्न स्पष्ट होता: पोर वरून पडलं तर काय? इंटरनेटच्या बाबतीत हा प्रश्नच नीट विचारला जात नाही. पडणं म्हणजे नेमकं काय आणि ते कोणत्या थरावरून, हे ठरवण्याआधीच वय ठरवायची घाई होते.

भारतातला कायदा या बाबतीत जुना आणि कडक आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही आणि १८७५ च्या कायद्यानं सज्ञान होण्याचं वय १८ ठरवलं. कोलकात्याच्या धर्मोदास घोष या अल्पवयीन मुलानं एका सावकाराकडं मालमत्ता गहाण ठेवली होती. तो खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ मध्ये निकाल लागला की अज्ञानानं केलेला करार मुळातच शून्य. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही हा खटला वाचतो. आता ‘आय ॲग्री’ हे बटण आठवा. खातं उघडताना पानभर अटींखाली दाबलं जाणारं ते बटण म्हणजे करारच. तेरा ते सतरा वयाचा भारतीय मुलगा ते दाबतो तेव्हा कंपनीच्या नियमानुसार तो आत येतो आणि देशाच्या कायद्यानुसार त्यानं केलेल्या कराराला अर्थ नसतो.

हीच विसंगती ज्येष्ठ विचारवंत के. एन. गोविंदाचार्य यांनी दिल्ली उच्च न्यायालयात मांडली. अठरा वर्षांखालची मुलं परदेशी कंपन्यांशी असे करार कसे करतात, असा त्यांचा सवाल होता. २०१३ मध्ये न्यायालयानं केंद्र सरकारला जाब विचारला आणि १३ वर्षांखालच्या मुलांना खातं उघडता येत नाही ही सूचना पहिल्या पानावर ठळक दाखवा, असं फेसबुकला बजावलं. पाटी मोठी झाली एवढंच.

मग १० वर्षांनी नवा कायदा आला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम अधिसूचित झाले ते नेमके बालदिनी, १४ नोव्हेंबर २०२५ रोजी. कायद्याच्या नवव्या कलमानुसार १८ वर्षांखालच्या कुणाचीही माहिती वापरण्याआधी आईबापांची किंवा कायदेशीर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायची नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले आहेत, म्हणजे प्रत्यक्ष अंमल मे २०२७ मध्ये.

पाळत आणि जाहिरातींची बंदी हा या कलमाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. चर्चा होते ती संमतीची. संमतीचं गणित मात्र मराठवाड्यात आलं की अडखळतं.

नियमांत सांगितलेली पद्धत अशी. मूल म्हणतं, मी अज्ञान आहे. मग पालक म्हणून कुणीतरी पुढं येतं. तो माणूस खरोखर सज्ञान आहे का, हे कंपनी आपल्याकडच्या नोंदींवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सरकारी सोयीतून मिळालेल्या टोकनवरून तपासते. यात पहिली पायरी पुन्हा मुलाच्या खरं बोलण्यावर उभी आहे. आणि पुढं आलेला माणूस सज्ञान आहे एवढंच तपासलं जातं. तो बापच आहे की कॉलेजातला चुलतभाऊ, हे त्यातून कळत नाही.

त्यातही पालक जवळ असतील तर. बीड, जालना आणि लगतच्या तालुक्यांमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात सहा-सहा महिने कोयता चालतो. पोरं कधी सोबत जातात, कधी आजीजवळ राहतात. घरातला एकुलता स्मार्टफोन कधी फडावर असतो, कधी गावात. आजीच्या नावावर डिजिलॉकर नाही, अंगठा लावून रेशन घेणाऱ्या आजीला ओटीपी वाचून दाखवणारा नातूच असतो. संमती द्यायची तिनं आणि ती कशी द्यायची हे सांगणार तो. शहरात वाळूजच्या कंपनीत पाळीनं काम करणाऱ्या बापाच्या घरीही चित्र फार वेगळं नाही. फोनमधलं काही अडलं की हाक मुलालाच जाते.

‘असर’ हा शाळकरी शिक्षणाचा वार्षिक अहवाल मुंबईत जन्मलेली ‘प्रथम’ संस्था काढते. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटाची माहिती आहे. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. वापरणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांत स्वतःचा फोन असलेले साधारण २७ टक्के. म्हणजे उरलेले सगळे घरच्या फोनवर, आईच्या नंबरवर, दादाच्या आयडीवर. आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरला असं ५७ टक्के मुलांनी सांगितलं आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असं ७६ टक्के मुलांनी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसं करायचं हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. उरलेल्या ३८ टक्क्यांचं काय, हा प्रश्न वयाच्या पाटीपेक्षा जास्त छळतो.

एक माणूस, एक फोन, एक खातं असं धरूनच हे सगळे नियम लिहिलेले आहेत. आपल्याकडं फोन घराचा असतो, विहिरीवरच्या दोराबादलीसारखा. कुणी पाणी काढलं ते दोराला कळत नाही.

आता संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या गाडीवाट गावात जाऊ. तिथली जिल्हा परिषदेची शाळा. २०१९ मध्ये शाळेनं मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची तर कुठली शिकाल? मुलांनी उत्तर दिलं, जपानी. कारण विचारलं तर म्हणाली, आम्हाला रोबोट आणि यंत्रांचं शिकायचंय. शिक्षकांना जपानी येत नव्हती, गावात पुस्तक नव्हतं. त्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप यांच्या आधारानं सुरुवात केली. ही बातमी शहरात पोचली आणि भाषातज्ज्ञ सुनील जोगदेव यांनी २०२० च्या उन्हाळ्यानंतर, शाळा बंद असताना, या मुलांचे ऑनलाइन वर्ग मोफत घेतले. सगळ्यांकडं फोन नव्हते. म्हणून शाळेनं ‘विषयमित्र’ नेमले: ज्याच्या घरी फोन आहे त्यानं तास ऐकायचा आणि मग पारावर, ओट्यावर बसून इतरांना शिकवायचं. मराठवाड्यातली पोरं एकमेकांशी जपानीत बोलू लागली.

त्या मुलांपैकी कित्येक जण तेरा वर्षांच्या आतले होते. पाटीवरचा नियम शब्दशः पाळला असता तर स्वतःच्या खात्यावरून ती त्या जगात पाऊल टाकू शकली नसती. अर्थात मागं शिक्षक होते, फोन पालकांचा होता, काय बघायचं ते ठरलेलं होतं. तिथं वयाची राखण नियमानं केली नाही, माणसांनी केली. किमान वयाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकानं गाडीवाट डोळ्यांसमोर ठेवायला हवं, कारण दार बंद केलं की वाईटाबरोबर हेही बाहेर राहतं.

खुद्द सरकारनंही त्या काळात तेच केलं. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावानं अभ्यासमाला सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पालकांपर्यंत आणि तिथून मुलांपर्यंत जायचा. पहिली-दुसरीच्या मुलांचाही वर्ग फोनच्या त्याच हिरव्या चौकोनात भरू लागला. दुसरा मार्ग नव्हता आणि त्या वेळी ते योग्यच होतं. पण शाळा उघडल्या, फोन मात्र मुलांच्या हातातून परत आला नाही.

त्याचा त्रास गावांनी आधी ओळखला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. साडेआठला दुसरा भोंगा. सरपंच विजय मोहिते यांच्यासोबत अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदार फिरले. हा नियम लहानमोठ्या सगळ्यांना सारखाच होता आणि तिथंच त्याचं बळ होतं. बाप मालिका बघत असताना पोरानं पुस्तक उघडावं अशी अपेक्षा त्यात नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं दुसरी वाट धरली. ग्रामसभेनं ठराव केला: १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. कोरोनात अभ्यासासाठी दिलेल्या फोनवर मुलं खेळांत आणि व्हिडिओंत बुडाली, हे त्यामागचं कारण. दिल्लीचा कायदा त्यानंतर नऊ महिन्यांनी आला आणि त्यातही वय तेच निघालं, १८. बांशीच्या ठरावात आईबापांची काळजी सच्ची आहे यात शंका नाही. तरीही सात वर्षांचं पोर आणि लातूरला नीटची तयारी करायला खोली घेऊन राहिलेला सतरा वर्षांचा मुलगा यांना एकाच रांगेत उभं करणं बरोबर नाही. त्या मुलाच्या नोट्स, चाचण्या, शंका, मित्र, सगळं फोनमध्ये आहे. वर्षभरात तो मत देणार आहे. त्याला एखाद्या चर्चागटात शिरताना वडिलांची पडताळलेली संमती लागावी, असं मानणाऱ्या कायद्यात दुरुस्तीला जागा आहे.

अठराची ही सरसकट रेष बदलून पायऱ्या करता येतात. मैदानी खेळांत १४ वर्षांखालचे, १७ वर्षांखालचे असे गट असतातच. दुचाकीचंही तसंच आहे. पन्नास सीसीच्या आतली, गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते, बाकीच्या गाड्यांना अठरा लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संभाजीनगरातल्या सिडकोच्या रस्त्यांवर शिकवणीला निघालेली शाळकरी मुलं आजही मोपेडवर दिसतात ही गोष्ट खरी. पण तिथं निदान चावी देणारा कोण हे कायद्याला माहीत आहे.

ऑस्ट्रेलियानं चावीची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. तिथं १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट अशा दहा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. नियम मोडल्याचा दंड मुलाला नाही, आईबापांनाही नाही. कंपनीला तो ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो. पहिल्या महिन्याभरातच सुमारे ४७ लाख खाती बंद किंवा मर्यादित केल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. व्हॉट्सॲप या यादीत नाही, त्यामुळं मेलबर्नमधली नात सिडकोतल्या आजीला रोजच्यासारखा व्हिडिओ कॉल करू शकते. आजीच्या दृष्टीनं कायद्याचा हाच भाग महत्त्वाचा.

भारतात अशी मागणी सर्वोच्च न्यायालयातही गेली. १३ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची बंदी करावी, ही झेप फाउंडेशनची याचिका एप्रिल २०२५ मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन मसीह यांच्यासमोर आली. हा धोरणाचा विषय आहे, संसदेला कायदा करायला सांगा, असं म्हणून खंडपीठानं ती निकाली काढली. २०२६ च्या सुरुवातीला गोव्याच्या माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांनी ऑस्ट्रेलियासारख्या बंदीचा विचार बोलून दाखवला. हा विषय आता मराठी मुलखाच्या उंबऱ्यावर आहे.

बंदी घालायची तर वय तपासायचं कसं, ही खरी मेख. सध्याचे मार्ग मोजके आहेत. एक, मुलानं सांगितलेलं वय खरं मानायचं. दोन, आधारसारखं ओळखपत्र मागायचं. तीन, कॅमेऱ्यात चेहरा दाखवायला लावून संगणकाकडून वयाचा अंदाज घ्यायचा. चार, खातेदार काय बघतो, कुणाशी बोलतो यावरून वय ताडायचं. पहिल्याची गत पैठण गेटला दिसली. दुसऱ्यात एक गोष्ट लपलेली आहे: लहान कोण हे शोधायचं तर मोठ्यांनाही कागद दाखवावा लागतो. म्हणजे मुलांसाठीचा नियम शेवटी प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत कंपनीकडं पोचवतो. तिसऱ्यात एक-दोन वर्षांची चूक नेहमीची, आणि पंधरा की सोळा हा प्रश्न तर त्या चुकीच्या आतच बसतो. चौथ्यासाठी मुलावर पाळत ठेवावी लागते, जी आपल्या कायद्यानं मना केली आहे.

बीजीएमआय या खेळाचं उदाहरण बोलकं आहे. पबजी २०२० मध्ये बंद झाल्यावर त्याचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, तो नियम घेऊनच. अठरा वर्षांखालच्या खेळाडूनं पालकांचा फोन नंबर द्यायचा, दिवसाला तीन तासांहून जास्त खेळता येणार नाही. कागदावर हे जगातल्या कडक नियमांपैकी म्हणावं लागेल. पण ज्या घरात आईचा फोन रात्री पोराच्याच उशाशी असतो, तिथं त्या नंबरवर आलेला ओटीपी कोण वाचणार?

मग मुलांनी जायचं कुठं, हाही प्रश्न आहे. आभासी जगातही वेगळ्या जागा आहेत. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला. विकिपीडियावर लिहायला किमान वयाची अटच नाही. आठवीतला मुलगाही आपल्या गावावरचा लेख दुरुस्त करू शकतो. तिथं जन्मतारीख विचारत नाहीत, जाहिरात नाही, कुणी किती वेळ थांबला यावर कमाई नाही. प्रवेशाला वयाची अट नसूनही ही जागा मुलांसाठी कमी धोक्याची वाटते, ती तिच्या बांधणीमुळं. आणि संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांमध्ये २०२१ पासून रीड अँड लीड फाउंडेशनच्या मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या पुढाकारानं मोहल्ल्या-मोहल्ल्यात बाल वाचनालयं उभी राहिली. छोट्या खोलीत पुस्तकं आणि ती सांभाळणारी मुलंच. चार मुलांनी एकत्र येण्याची भूक तिथंही भागते. भोंगा वाजवून फोन बंद केलेल्या त्या दीड तासात काय, याचं उत्तर प्रत्येक वस्तीकडं तयार असलं पाहिजे.

तोवर एखाद्या घरानं ठरवलं की पोरीच्या खात्यावरची जन्मतारीख खरी करू या, तर काय होतं? वडील गुगलच्या खात्यात जाऊन १९९८ खोडतात आणि खरं साल लिहितात. मुलगी १३ वर्षांच्या आत असेल तर गुगल साधारण १४ दिवसांची मुदत देतं. तेवढ्यात ते खातं ‘फॅमिली लिंक’ या सोयीतून पालकांच्या देखरेखीखाली घेतलं नाही तर बंद होतं, आणि त्यासोबत त्यातले फोटो, शाळेच्या मेल, जपून ठेवलेले व्हिडिओ हाताबाहेर जातात. देखरेखीखाली घ्यायचं तर पालकाचं स्वतःचं खातं लागतं, ते चालवता यावं लागतं. खरं सांगणाऱ्याला हा खटाटोप आणि खोटं चालू ठेवणाऱ्याला काहीच नाही, अशी आजची व्यवस्था आहे. कंपन्यांना मिळालेल्या १८ महिन्यांत सगळ्यात आधी दुरुस्त व्हायला हवं ते हे. वय खरं केल्यावर खातं बंद पडता कामा नये, ते त्याच जागी लहान मुलाचं व्हायला हवं, आणि त्याची पद्धत मराठीत, दोन पायऱ्यांत, आजीलाही जमेल अशी हवी.

मे २०२७ मध्ये कायद्याचा अंमल सुरू होईल तेव्हा पैठण गेटच्या दुकानात उभी असलेली सहावीतली ती मुलगी सातवीत गेलेली असेल. कायद्याच्या लेखी तिच्यासाठी आईची संमती लागेल. तिच्या खात्याच्या लेखी ती २९ वर्षांची असेल, आणि तिच्या आईला कुणी काही विचारणार नाही.